तिला चव कळेल ना?

१

भूल उतरली तेव्हा बाईंनी मुलाला हाक मारली. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण हाक काही बाहेर आली नाही. त्यांना वाटलं, घसा बसलाय. तो तसाही कित्येक महिने बसलेलाच होता. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा गळ्यावरच्या पट्ट्यांमधून फुस्स करून वारा सुटला आणि समोरची नर्स धावत आली.

"बोलायला जाऊ नका हो. ही घ्या पाटी."

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'आवाज कधी येणार?'

नर्स जुनी, मायाळू. बाईंना गुंगीत आठवत नसेल असंच तिला वाटलं. त्यांच्या कपाळावरून हात फिरवत ती म्हणाली, "अहो, स्वरयंत्रच काढलंय ना. आता श्वाससुद्धा गळ्यातूनच घ्यायचा. तुम्हाला सगळं सांगितलं होतं की."

नर्स मला नंतर म्हणाली, "माणूस किंचाळला तर निदान आपल्याला कान झाकून घेता येतात. या बाईंचं तोंड उघडं, डोळे फाटलेले, सगळं अंग थरथरतंय आणि खोलीत चकार शब्द नाही. मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड केलं."

थोड्या वेळाने बाईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'मला कुणी विचारलं?'

हीच त्यांची तक्रार. मी त्या रुग्णालयाच्या तक्रार कक्षात लेखनिक आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी म्हणजे गार जेवण, हरवलेला चष्मा, उद्धट वॉर्डबॉय. असल्या तीन शब्दांची तक्रार माझ्या टेबलावर कधी आली नव्हती. वाचून हातातला चहा तसाच राहिला.

बाई सीमेपलीकडच्या. तिकडच्या फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचं त्यांचं काम. भल्या पहाटे शेकडो माणसांच्या गोंगाटावर त्यांचा आवाज चढायचा, आणि तो चढला की बाजार उघडला असं समजायचं. सगळे त्यांना लिलावबाई म्हणत. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषा एकच, नातीगोती गुंतलेली. घशावरच्या उपचारांसाठी तिकडची माणसं सर्रास आमच्याकडे येतात. फरक आहे तो कायद्याचा. आमच्या कायद्यानुसार, शुद्धीतल्या सज्ञान माणसाच्या अंगाला त्याच्या स्वतःच्या होकाराशिवाय सुरी लागली, तर तो हल्ला. मग सुरी कितीही निष्णात हातात असो.

मी फाइल उघडली. होकार तिथे होता. स्वरयंत्र पूर्ण काढणार, आवाज कायमचा जाणार, हे स्पष्ट शब्दांत, आणि खाली बाईंची सही. दाखल होतानाच्या कागदांवरच्या सहीशी ती अगदी जुळत होती.

आमच्या वकिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बाईंना आठवत नाहीये. होतं असं."

मला मात्र ती पाटी डोळ्यांसमोरून हलेना.

२

चौकशीसाठी जज्जबाई आल्या. निवृत्त न्यायाधीश, ठेंगण्या, पांढरे केस कानामागे घट्ट बांधलेले. एका कानाने कमी ऐकू येतं असं त्या प्रत्येकाला सांगत. कुठल्या कानाने, ते मात्र माणसागणिक बदलायचं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, ऐकू आलं नाही म्हटलं की माणूस पुन्हा सांगतो. दुसऱ्यांदा सांगताना तो जरा वेगळं सांगतो. मला ते हवं असतं."

आधी त्या लिलावबाईंकडे गेल्या. बाई थकलेल्या होत्या, चेहरा सुजून ओळखू न येणारा. त्यांनी एवढंच लिहिलं, 'गाठ तोंडातून खरवडणार म्हणाले. दोन दिवसांनी घरी.' मग पाटी हातातून निसटली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं.

मोठे डॉक्टर, म्हणजे ज्यांनी ऑपरेशन केलं ते सर्जन, भेटायलाच तयार नव्हते. भेटले तेव्हा उभ्या उभ्या बोलले.

"कॅन्सर स्वरयंत्रभर पसरलेला. काढलं नसतं तर वर्ष पुढे गेलं नसतं. मी त्या बाईंचा जीव वाचवलाय."

"त्याबद्दल वाद नाही," जज्जबाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना सांगितलंत का?"

"रिपोर्ट आल्यावर समजावून सांगायचं काम माझ्या ज्युनियरचं. त्याने केलं. सही आहे."

"आणि तुम्ही?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या पलंगापाशी गेलो होतो. विचारलं, उद्याचं सगळं ठाऊक आहे ना? त्यांनी मान हलवली."

"बोलल्या नाहीत?"

"बोलणार कशा? घसा पार गेला होता. कुजबुजतानाही दम लागायचा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीसुद्धा, कुठलं ऑपरेशन ते बोटाने दाखवा, असं सांगितलं. त्यांनी गळ्याला हात लावला."

जज्जबाईंनी डाव्या कानामागे हात धरला. डॉक्टरांनी वैतागून सगळं पुन्हा सांगितलं. फक्त या वेळी त्यांनी एक भर घातली. "तसं पहिल्या भेटीत त्यांच्या मुलाने मला बाजूला घेतलं होतं. आईला काही सांगू नका म्हणाला. मी स्पष्ट सांगितलं, इथे तसं चालत नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "म्हणजे मुलगा."

"मुलाला भेटू," जज्जबाई म्हणाल्या. "पण म्हणजे मुलगा, असं आत्ताच कशाला?"

३

मुलगा शीतगृहाची गाडी चालवायचा. चांगला धिप्पाड माणूस, पण जज्जबाईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसला आणि टोपी चुरगाळत राहिला.

"हो, मी सांगितलं होतं डॉक्टरांना. आमच्याकडे आधी घरच्यांनाच सांगतात. कायदाच आहे तसा. घरातलं मोठं माणूस ऐकतं, मोठं माणूस सही करतं. पेशंटला किती सांगायचं ते घरचे ठरवतात. मला वाटलं इकडेही तसंच असेल."

"डॉक्टर नाही म्हणाल्यावर?"

"मग काय करणार? कामावर परत गेलो. पुढे मावशीने फोन केला की डॉक्टरांनी आईला सगळं नीट समजावलंय, ती तयार आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आलो तर आई एकदम शांत. मला म्हणाली, म्हणजे कुजबुजली, की पुढच्या आठवड्यात बाजारात जाईन." त्याने टोपी मांडीवर ठेवली. "मला वाटलं, माझा धीर सुटू नये म्हणून बोलतेय. आम्ही दोघं शेजारी बसून होतो हो. मी तिचा हात धरला होता. तिला ठाऊक नव्हतं, आणि तिला ठाऊक नाही हे मला ठाऊक नव्हतं."

मी लिहिता लिहिता थांबले.

मावशी म्हणजे लिलावबाईंची थोरली बहीण. सगळे तिला ताईच म्हणत. पोशाख शिवायचं काम. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती दिवसभर बसून असायची. नाकातोंडावर रुग्णालयाचा मास्क, मांडीवर बहिणीचा गाऊन, त्याचा गळा उसवून ती मोठा करत होती. गळ्यातल्या श्वासाच्या नळीला घासू नये म्हणून. डोळे आणि कपाळ अगदी धाकटीसारखे. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीला तिनेच वाढवलेलं.

"ती घाबरली होती," ताई म्हणाली. आवाज स्वच्छ, हळू, एकेक शब्द टाका घातल्यासारखा. "घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काही राहत नाही. सांगितलं असेल, विसरली असेल."

"तुम्ही होतात तेव्हा? डॉक्टर समजावत होते तेव्हा?"

"त्यांनी पेशंटलाच आत बोलावलं. नातेवाईक नको म्हणाले."

जज्जबाईंनी या वेळी उजवा कान पुढे केला. ताईने तेच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही.

जिन्यापाशी जज्जबाई म्हणाल्या, "पाहिलंस? सगळे दुसऱ्यांदा वेगळं सांगतात. हिने पाठ केलंय."

४

ज्युनियर डॉक्टर रिपोर्ट समजावण्याच्या दिवशी दुसऱ्या विभागातून बदली म्हणून आला होता आणि लगेच परतही गेला होता. आम्ही त्याला शोधून आणला. कोवळा पोरगा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. वकिलांनी त्याला आधीच गाठून सांगितलं असावं की सही जुळतेय, तुला काही होणार नाही. तरी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मी सगळं सांगितलं, मॅडम. शपथेवर सांगतो. मी काही कागद वाचून मोकळा झालो नाही. अर्ध्या तासाच्या वर बसलो असेन. आवाज जाणार, गळ्याला कायमचं छिद्र राहणार, वास फारसा येणार नाही, पुढे शिकलं तर यंत्राने थोडंफार बोलता येईल. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल तेही. इतके नेमके प्रश्न विचारणारी पेशंट मी पाहिली नव्हती."

"खोलीत आणखी कोण?"

"कुणी नाही. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, बरोबर सांगितली. त्या तेव्हा दाखल झालेल्या नव्हत्या, त्यामुळे मनगटावर नावाचा पट्टा नव्हता."

"चेहरा?"

"मास्क होता. दोघांनाही. काल काचेतून पाहिलं त्यांना. त्याच आहेत, पण किती सुजल्यात."

"काय काय विचारलं त्यांनी?"

तो जरा आठवू लागला. "जिभेबद्दल फार विचारत होत्या. तिला चव कळेल ना, म्हणाल्या. मी म्हटलं, कळेल, थोडी कमी. मग म्हणाल्या, तिला गरम सोसेल ना. मी म्हटलं, सुरुवातीला कोमटच द्या. मग रडायला लागल्या."

जज्जबाईंनी कानाला हात लावला. "नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

"म्हणाल्या, तिला चव कळेल ना. तिला गरम सोसेल ना. आणि..." तो थांबला. "आणि म्हणाल्या, ती घरी एकटी असताना काही झालं, तर हाक कशी मारेल?"

जज्जबाईंनी हात कानावरून खाली घेतला.

"जीभ?" जज्जबाई हळूच म्हणाल्या. "घरी एकटी?"

पोराचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पांढराफटक पडला. "मला वाटलं, घाबरून काहीबाही बोलतायत. मी पुढे गेलो."

"आणि हे सगळं त्या कशा बोलल्या? म्हणजे, तुम्हाला कान लावून ऐकावं लागलं का? दम लागत होता?"

"नाही. छान स्वच्छ बोलत होत्या."

म्हणता म्हणता त्यालाच ते ऐकू आलं. कॅन्सरने घसा भरलेली, कुजबुजताना धाप लागणारी बाई त्याच्यासमोर बसून अर्धा तास छान स्वच्छ बोलली होती. तो दुसऱ्या विभागातला. खऱ्या पेशंटचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मी कुणाला विचारलं?" तो म्हणाला. "मॅडम, मी विचारलं कुणाला?"

५

लिलावबाई त्या दिवशी उशीला टेकून बसल्या होत्या. मुलगा पायथ्याशी, ताई खिडकीपाशी. जज्जबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"रिपोर्ट आला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

बाईंनी लिहिलं, 'भाड्याच्या खोलीवर. झोपले होते. ताई रिपोर्ट आणायला गेली.'

लिहून झालं आणि त्यांनी स्वतःच ते वाचलं. मग मान वळवली. नळीमुळे मान वळत नव्हती, सगळं अंगच वळवावं लागलं. त्या थोरल्या बहिणीकडे बघत राहिल्या. पाटी मांडीवर तशीच.

ताईने मास्क खाली ओढला. पाठ केलेलं आता तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

"मी गेले," ती म्हणाली. "मीच तू म्हणून बसले. दाखल होतानाच्या कागदांवरही मीच सही केली, तू बाहेर खुर्चीवर बसली होतीस. तुझी सही मीच करत आलेय. शाळेच्या दाखल्यापासून."

म्हणूनच सह्या जुळत होत्या. दोन्हीकडे हात एकच होता. आम्ही सगळे एका सहीवरून दुसरी खरी ठरवत बसलो होतो.

"मावशी, पण का?" मुलगा उठून उभा राहिला.

"का म्हणजे? तिकडे असतं तर डॉक्टरांनी मलाच बोलावलं असतं. मोठी मी आहे. तिथे हा माझा हक्क आहे, आणि इथे गुन्हा? नदीवरचा एक पूल ओलांडला तर मी तिची कुणीच नाही?" ती जज्जबाईंकडे वळली. "तो पोरगा म्हणाला, पेशंटने नाही म्हटलं तर आम्ही हात लावू शकत नाही. मला ठाऊक होतं ती नाही म्हणणार. आवाजाशिवाय ती काय आहे हे मला माहीत आहे. पण मला ती हवी होती. मुकी तर मुकी. तिच्या लग्नाच्या कागदावर मी सही केली, नवरा गेला तेव्हाही मी केली. कधी चुकलं का माझं?"

जज्जबाई म्हणाल्या, "तुमच्या देशात तुम्हाला त्यांच्याऐवजी सही करता येते. पण तिथेही, त्या असल्याचं भासवून सही करता येत नाही. हे कुठल्याच देशात चालत नाही. तुम्हालाही ते कळत होतं. नाहीतर तुम्ही त्यांना गाठ खरवडणार असं सांगितलं नसतं."

ताईने मास्क पुन्हा वर ओढला.

मला वाटलं होतं, उलगडा झाला की हायसं वाटेल. तसं वाटलं नाही. ताईने खरोखरच सगळं समजून घेतलं होतं. छिद्र, नळी, वास, चव. एकेक गोष्ट विचारून, रडून, मग होकार दिला होता. कायद्याला हवा असतो तसा होकार. फक्त गळा तिचा नव्हता.

६

जज्जबाईंचा निष्कर्ष रुग्णालयाला झोंबणारा होता. ज्युनियरला त्यांनी मोकळं सोडलं नाही, पण जास्त दोष दिला तो मोठ्या डॉक्टरांना. पलंगापाशी उभं राहून, ठाऊक आहे ना, एवढंच विचारण्याऐवजी, काय ठाऊक आहे, असं विचारलं असतं तर बाईंनी चार शब्दांत सांगितलं असतं, गाठ तोंडातून खरवडणार आहात, आणि सुरी तिथेच थांबली असती. मोठे डॉक्टर ते ऐकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र ते पेशंटच्या खोलीत खुर्ची ओढून बसलेले मी पाहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते तरी बसून राहिले.

पुढे किरणोपचार द्यायचे होते. त्यासाठी पुन्हा संमती हवी होती. लिलावबाईंनी लिहिलं, 'त्या ज्युनियर डॉक्टरला बोलवा.'

मुलगा, जज्जबाई, आमचे वकील आणि मी खोलीत होतो. ज्युनियर आला. दारातच उभा राहिला. बाईंनी त्याला खुणेने बसवलं आणि पाटी पुढे केली. 'त्या दिवशी जे सांगितलंत ते सगळं मला सांगा. पहिल्यापासून.'

"पण आता... ऑपरेशन तर झालंय."

त्यांनी 'सगळं' या शब्दाखाली रेघ ओढली.

त्याने सांगितलं. आवाज जाणार. छिद्र राहणार. वास येणार नाही. मध्ये मध्ये बाई लिहून विचारत होत्या. 'यंत्राचा आवाज किती मोठा?' फार नाही, तो म्हणाला. 'गर्दीत ऐकू जाईल?' नाही. 'आवाज ठेवून थोडंच काढता आलं असतं?' तो म्हणाला, त्या वेळी नाही, आजार फार पुढे गेला होता. 'नाहीच काढलं असतं तर?' वर्षभर, कदाचित कमी. शेवटी शेवटी श्वास अडला असता. प्रत्येक उत्तर वाचत असल्यासारख्या त्या त्याच्या ओठांकडे बघत होत्या. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

'आता विचारा,' त्यांनी लिहिलं.

त्याला आधी कळेना. मग कळलं. तो जज्जबाईंकडे बघू लागला. त्यांनी मान हलवली.

"तुमचं स्वरयंत्र काढायला," तो म्हणाला, "तुमची संमती आहे का?"

बाईंनी बराच वेळ विचार केला. खरंच विचार केला. कुणाला शिक्षा करायची म्हणून नव्हे. हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी पाटीवर लिहिलं आणि ती दाराकडे वळवून धरली.

'नाही.'

ताईच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मुलगा पाटीकडे बघत राहिला. आई जिवंत समोर बसलेली, आणि तिचं उत्तर हे.

बाईंनी पाटी पुसली. किरणोपचारांचं विचारून घेतलं, त्रास काय, फायदा किती, न घेतले तर काय. त्या उत्तरावरही त्यांनी वेळ घेतला. शेवटी लिहिलं, 'हो. आता झालंच आहे तर जगून बघते.'

राहता राहिली ताई. दुसऱ्याच्या नावाने सही करणं हा आमच्याकडे फौजदारी गुन्हा, पण पोलिसात जायचं की नाही ते बाईंनी सांगायचं होतं. जज्जबाईंनी तसं विचारताच तिघं एकदम बोलायला लागले. मुलगा म्हणाला, "आई, मावशी आहे ती, सोडून दे." आमचे वकील म्हणाले, "यांची इच्छा प्रकरण मिटवायचीच असणार." ताई म्हणाली, "तिला विचारू नका, मी स्वतःच जाते पोलिसात, ती काही लिहायची नाही."

"कुणीही बोलू नका," जज्जबाई म्हणाल्या.

खोलीत फक्त बाईंच्या गळ्यातून येणाऱ्या श्वासाचा आवाज होता, आत, बाहेर. त्यांनी पाटी घेतली, ठेवली, पुन्हा घेतली.

'मी अजून ठरवलेलं नाही. ठरलं की मीच सांगेन.'

ताईने ते दोनदा वाचलं. मग ती बाहेर जाऊन बाकावर बसली, आणि त्या दिवसापासून रोज येऊन तिथेच बसते. आत काय ठरलं ते ती कुणालाच विचारत नाही.